आईच्या बीपीच्या गोळीत आता दोन औषधं एकत्र दिलीयेत, म्हणजे बीपी हाताबाहेर गेलंय का?

वाशिष्ठीकाठ

मंडळी नमस्कार, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. आई ६१ वर्षांची, चिपळूणला एकटीच असते (बाबा नाहीत, मी ठाण्याला, ताई नाशिकला). चार वर्षं बीपीची गोळी चालू आहे, आधी ॲमलोडिपीन ५ होती, दीड वर्षापूर्वी तीच १० केली. शुगर वगैरे नाही. पण बीपी काही धड खाली येईना, कधी १५८/९४ कधी १५२/९०, आणि त्यात पायाला सूज. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो, चपलेच्या पट्ट्याचा वळ तर रात्री झोपेपर्यंत जात नाही. ती म्हणणार ओट्यापाशी उभं राहून राहून होतं रे, वय झालं आता.

मागच्या आठवड्यात तिला दुसऱ्या फिजिशियनकडे नेलं, त्यांनी ईसीजी काढला, रक्त लघवी करायला लावलं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ०.९ आलं, आणि नवीन गोळी लिहून दिली ज्यात टेल्मिसार्टन ४० आणि ॲमलोडिपीन ५ दोन्ही एकाच गोळीत आहे. बाहेर तीसेक पेशंट ताटकळत बसलेले त्यामुळे काही नीट विचारता आलं नाही आणि आम्ही दोन मिनिटांत बाहेर. आता ताईच्या सासऱ्यांचं म्हणणं की एकदम डबल औषध म्हणजे बीपी हाताबाहेर गेलंय आणि या कॉम्बिनेशनच्या गोळ्यांची सवय लागते, मग साधी गोळी पुन्हा लागूच पडत नाही. झालं, आई तेव्हापासून घाबरून बसलीये.

तर मला विचारायचंय की (१) हे असं दोन एकत्र देणं नॉर्मल आहे का (२) दोन वेगवेगळ्या गोळ्या दिल्या तर नाही का चालणार, म्हणजे त्रास झाला तर कुठल्या गोळीनं झाला ते तरी कळेल (३) जुन्या ॲमलोडिपीनच्या तीन पट्ट्या घरात पडून आहेत, त्या संपवायच्या का टाकून द्यायच्या. आणि हो मी तिच्यासाठी ऑनलाइन ती सात कप्प्यांची वारांची डबी मागवलीये, त्यात आठवड्याच्या गोळ्या काढून ठेवायचा विचार आहे.

कट्ट्यावरचा_काका

मी गेली नऊ वर्षं कॉम्बिनेशनवर आहे, रोज पर्वती चढतो. ताईच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा 🙂 सवय लागते म्हणे. चष्म्याची लागते तशी लागते, काढला की परत दिसत नाही, त्यात चष्म्याचा काय दोष. डिटेल जाणकार सांगतीलच.

सुट्टीवरचा_फिजिशियन

आईंना मी तपासलेलं नाही तेव्हा हे सगळं जनरल समजा, शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा.

पहिलं म्हणजे, गोळीत औषधं दोन झाली म्हणून आजार दुप्पट झाला असं गणित नसतं. तुम्ही लिहिलेलं नीट बघा, आईंचं ॲमलोडिपीन खरं तर कमी झालंय, १० चं ५ केलंय. आणि जोडीला वेगळ्या वाटेनं काम करणारं टेल्मिसार्टन दिलंय. बीपी वाढायला एकच कारण नसतं हो. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, किडनीपासून सुरू होणारं हार्मोन्सचं एक चक्र असतं ते जास्त जोरात चालत असतं, शरीरात मीठ आणि पाणी जास्त साठून राहिलेलं असतं, आणि एकाच माणसात हे तिन्ही थोडं थोडं चालू असू शकतं. तुम्ही एक वाट अडवली की शरीर दुसऱ्या वाटेनं बीपी परत वर न्यायला बघतं. म्हणून एकाच औषधाचा डोस दुप्पट केला की हाताला फार काही लागत नाही, साईड इफेक्ट मात्र चांगले वाढतात. २००९ मध्ये ४२ ट्रायल्सचे आकडे एकत्र करून बघितले होते, जवळपास ११ हजार पेशंट, त्यात निघालं की डोस दुप्पट करून बीपी जेवढं जास्तीचं उतरतं त्याच्या साधारण पाचपट ते दुसऱ्या प्रकारचं औषध जोडल्यावर उतरतं. युरोपच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये तर बहुतेक पेशंटना सुरुवातच दोन औषधांच्या एका गोळीनं करा असं आलं, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत अशा जोडगोळ्या आल्या, त्यात टेल्मिसार्टन अधिक ॲमलोडिपीन ही तुमच्या आईंचीच जोडी आहे. तेव्हा डॉक्टरांनी काही जगावेगळं केलेलं नाहीये.

आता सूज. ही वयाची नाही, उभं राहण्याचीही नाही (म्हणजे थोडी असेल), मला तरी ती ॲमलोडिपीन १० ची वाटते. हे औषध रक्त आत आणणाऱ्या बारीक वाहिन्या सैल करतं, पण रक्त परत नेणाऱ्या बाजूला तेवढं काही करत नाही. नळ मोठा केला आणि मोरीचं भोक तेवढंच ठेवलं तर काय होईल, मोरी तुंबेल. तसं पाणी घोट्यापाशी झिरपून साठतं. टेल्मिसार्टन ती परतीची बाजूही जरा मोकळी करतं, म्हणून या जोडीत सूज कमी येते. शिवाय डोसही निम्मा झाला. म्हणजे डॉक्टरांनी एका दगडात दोन पक्षी मारलेत, फक्त ते सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही. (अशा सुजेवर लघवीची गोळी देत बसण्यात फारसा अर्थ नसतो, तरी सर्रास दिली जाते. असो.)

घाई करू नका, टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला चारेक आठवडे लागतात. दोन ते तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा परत करून घ्या, ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं असेल, बघा.

गोळीवाला_कोल्हापूर

डॉक्टरसाहेबांनी सगळं सांगितलंच आहे मी आपलं काउंटरच्या अलीकडून सांगतो. वीस वर्षं मेडिकल चालवतोय.

ती सात कप्प्यांची डबी परत करा. टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा ओढते, म्हणून तर ती दोन्हीकडून जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीत येते, साध्या प्लास्टिकच्या फोडात नाही. पट्टीतून काढली की लगेच तोंडात, आठवडाभर आधी काढून ठेवायची नाही. त्यात तुमचं चिपळूण, जुलैत तिथे पापड सुद्धा दोन तासात चामडं होतो. एक कस्टमर अशीच डबी घेऊन आलेले, गोळी मऊ पडलेली आणि कडेनं फुगलेली, मला म्हणाले माल खराब दिला तुम्ही. वार लक्षात ठेवायचा तर पट्टीवरच पेनानं सोम मंगळ लिहा.

दुसरं, गोळी निम्मी करू नका. बघा हातात घेऊन, बऱ्याच कंपन्यांच्या गोळीला दोन थर असतात, एक बाजू पांढरी आणि एक रंगीत, दोन औषधं वेगवेगळी दाबलेली. लोक म्हणतात बीपी जरा कमी आलं आज अर्धीच घेतो. तसं चालत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, नावापुढची शेपटी. कंपनीचं नाव एकच अस्तं पण पुढे नुसतं ४० असेल तर एकटं टेल्मिसार्टन, एएम असेल तर ॲमलोडिपीन जोडलेलं, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायझाईड म्हणजे लघवीवाटे मीठ पाणी काढणारं औषध, सीटी किंवा सीएच असेल तर क्लोरथॅलिडोन, तेही लघवीचंच पण जास्त वेळ टिकणारं. बाहेरून सगळे बॉक्स सारखे, रंग पण जवळजवळ सारखे. फोनवर ऑर्डर देताना लोक 'ती बीपीची निळी पट्टी पाठवा' म्हणतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. शेपटीसकट नाव आणि त्यामागचे आकडे वाचून दाखवा, ४०/५ वेगळी आणि ८०/५ वेगळी. बिल घेताना एकदा चिठ्ठीशी ताडून बघा. कंपनी बदलली तर फार घाबरू नका, आत काय किती ते सारखं असलं म्हणजे झालं. जनऔषधी केंद्रातनं घेतली तर बरीच स्वस्त पडते, हे माझ्या धंद्याच्या विरोधात सांगतोय बघा.

निशिगंध_७

सगळे कॉम्बिनेशनच्या आरत्या ओवाळताय म्हणून मुद्दाम लिहितेय. माझ्या बाबांना, वय ८२, वजन जेमतेम ४८ किलो, बीपी १६० च्या आसपास, एकदम तीन औषधांची एक गोळी दिली होती, टेल्मिसार्टन ॲमलोडिपीन आणि क्लोरथॅलिडोन. बीपी आलं छान खाली. अकराव्या दिवशी रात्री दोन वाजता मला उठवून विचारायला लागले की साडेसहाची एसटी लागली का. मला वाटलं झोपेत असतील. परत अर्ध्या तासानं पिशवी घेऊन दारात. दवाखान्यात नेलं तर सोडियम ११८. चार दिवस आयसीयूत होते. नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं की लघवीच्या गोळीनं वयस्कर माणसांचं सोडियम असं पडू शकतं, आणि सुरू केल्यावर तपासायला हवं होतं. कुणी तपासलंच नव्हतं, आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. आणि कॉम्बिनेशन असल्यामुळे एकटं क्लोरथॅलिडोन काढताही येईना, सगळी गोळी बंद करून पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे वाशिष्ठीकाठ यांनी विचारलेला दुसरा प्रश्न अजिबात येडपटपणाचा नाहीये. आणि हे जे सगळे अभ्यास सांगतात ते बहुतेक धट्ट्याकट्ट्या गोऱ्या लोकांवर केलेले, आपल्याकडच्या ४८ किलोच्या म्हाताऱ्यांवर नाही.

सुट्टीवरचा_फिजिशियन

@निशिगंध_७ ताई, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि बाबांचं जे झालं ते व्हायला नको होतं. ज्या गाइडलाइन दोन औषधांनी सुरुवात करा म्हणतात त्याच गाइडलाइनमध्ये फार वयस्कर आणि अशक्त पेशंटना एकाच औषधानं, कमी डोसनं, हळूहळू जा असंही लिहिलंय. ते वाक्य घाईत गळतं. थायझाईड प्रकारातलं, म्हणजे त्या लघवीच्या गोळ्यांतलं, काहीही सुरू केलं की सोडियम पोटॅशियम बघायचंच, बारीक चणीच्या वयस्कर बाईमाणसांत तर हमखास, आणि यूरिक ॲसिडही वाढतं, गाऊटवाल्यांनी आधीच सांगावं.

गोऱ्यांच्या मुद्द्यावर मात्र जरा थांबवतो. टॉपस्पिन म्हणून आपल्याकडेच ट्रायल झाली, ३२ हॉस्पिटलं, १,९८१ पेशंट, २०२५ मध्ये छापून आली. दोन दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या एका गोळीत देऊन सहा महिने बघितलं. २४ तासांचं बीपी तिन्हींत जवळपास सारखंच उतरलं, वरचं साधारण १४ आणि खालचं ८ नं. म्हणजे जोडी कुठली यापेक्षा योग्य जोडी रोज पोटात जाते का हे मोठं. पण ८२ वर्षांच्या बाबांना ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत हे तुमचं बरोबरच आहे.

आणि कुठलीही दोन औषधं जोडली की झालं असंही नाही बरं का. २००८ मध्ये ऑनटार्गेट नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र देऊन बघितलं होतं, दोन्ही त्या किडनीपासून सुरू होणाऱ्या हार्मोन्सच्या एकाच चक्रावर काम करणारी औषधं. फायदा काडीचा वाढला नाही, चक्कर आणि किडनीचा त्रास मात्र वाढला. तेव्हापासून ती जोडी बाद. जुन्या चिठ्ठीत एक, नव्या चिठ्ठीत दुसरं असं होऊन अजूनही काही पेशंट दोन्ही घेत असतात म्हणून सांगितलं.

जुनी_सिस्टर

नमस्कार. सरकारी दवाखान्यात एनसीडी क्लिनिकला (बीपी शुगरवाल्यांचं) होते, आता रिटायर. आमच्या साताऱ्यात आणि सिंधुदुर्गात २०१८ च्या सुमाराला तो बीपीचा कार्यक्रम आला, म्हणजे प्रत्येक पेशंटचं कार्ड, महिन्याला बीपी, आणि औषधाची ठरलेली पायरी. आधी ॲमलोडिपीन ५, नाही आलं बीपी खाली तर टेल्मिसार्टन ४० जोडायचं, मग टेल्मिसार्टन ८०, मग क्लोरथॅलिडोन. गोळ्या सुट्या सुट्याच मिळायच्या, फुकट. औषध चांगलंच होतं पण दोन पट्ट्या हातात दिल्या की माणूस काय करतो ते मी रोज बघितलंय. एक आजोबा एक दिवस ही एक दिवस ती घ्यायचे, म्हणजे म्हणे दोन्ही महिनाभर जास्त पुरतात. एका मावशीनं नवऱ्याला बीपी निघाल्यावर दोन पट्ट्यातली एक त्याला देऊन टाकली, तुमची तुम्हाला माझी मला. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न, सुट्या दिल्या तर चालतात, काही बिघडत नाही, डॉक्टरला डोस कमी जास्त करायला उलट सोपं जातं, पण आई एकटी राहते ना, मग एक गोळी बरी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही आणि मला तेच महत्त्वाचं वाटतंय. भाऊ आजच्या आज आईला फोन करा आणि विचारा जुनी गोळी बंद केलीये का. नुसतं 'नवीन गोळी घेतेस ना' असं विचारू नका, ती हो म्हणेल. 'सकाळपासून झोपेपर्यंत कुठकुठल्या गोळ्या पोटात गेल्या' असं विचारा, आणि पट्ट्या हातात घेऊन वाचायला लावा. जुन्या तीन पट्ट्या घरात ठेवूच नका.

गुडघ्यासाठी वेदनाशामक घेते का तेही विचारा. ते कुणी बीपीच्या डॉक्टरला सांगत नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्झिब असल्या गोळ्यांनी बीपी वाढतं, आणि टेल्मिसार्टनसोबत, वर लघवीची गोळी असेल तर जास्तच, किडनीवर जोर पडतो. लागलीच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. आणि जुलाब उलट्या लागल्या, पाणी सुद्धा पोटात ठरत नाही असं झालं तर टेल्मिसार्टन तसंच रेटायचं नाही, डॉक्टरला लगेच फोन.

वाशिष्ठीकाठ

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते वाचून रात्री साडेनऊलाच फोन लावला. हात जोडतो तुम्हाला.

आई दोन्ही घेत होती!! सहा दिवस. सकाळी नवीन आणि रात्री जुनी १० ची. मी म्हटलं अगं का, डॉक्टर म्हणाले होते ना जुनी बंद. तर म्हणते, 'अरे नवीन पट्टीवर एएम लिहिलंय ना, म्हणजे सकाळची. मग रात्रीची कुठली? ती जुनीच की.' आई बीए झालेली आहे, पेपर अख्खा वाचते, एएम पीएम तिला व्यवस्थित कळतं, तिथेच तर घोळ झाला. गोळीवाला यांनी शेपटीचं लिहिलं होतं ते मी वाचून सोडून दिलं होतं.

मग हळूच सांगते, की तीन दिवस झाले सकाळी तुळशीला पाणी घालून उठताना डोळ्यापुढे अंधारी येते, कट्ट्याला धरून उभी राहते. मला का नाही सांगितलंस तर म्हणे तू काळजी करशील. शेजारच्या वहिनींकडे मशीन आहे, त्यांना बोलावून मोजलं तर १०४/६२. डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवर होता, फोन केला, बिचाऱ्यांनी उचलला. म्हणाले जुनी आत्ताच्या आत्ता बंद, उद्या सकाळी नवीनही नको, परवापासून फक्त नवीन, आणि उठताना आधी मिनिटभर काठावर बसून मग उभं राहायचं. वहिनींनी त्या तीन पट्ट्या त्यांच्या घरी नेल्यात.

गुडघ्याचंही विचारलं. मेडिकलवाल्यानं दिलेली 'ती पिवळी' आठवड्यातनं दोन तीनदा घेते म्हणे. फोटो मागवला तर एटोरिकॉक्झिब.

गोळीवाला_कोल्हापूर

एएम म्हणजे सकाळ 😳 वीस वर्षात हे नव्हतं ऐकलं. उद्यापासून काउंटरला आधी हेच सांगणार.

सुट्टीवरचा_फिजिशियन

बरं झालं वेळेत कळलं. म्हणजे रोज ॲमलोडिपीन १५ जात होतं, जास्तीत जास्त डोस १० आहे. हे औषध शरीरातून निघायला वेळ लावतं, त्याचं निम्मं उतरायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे अजून तीन चार दिवस थोडं गरगरलं तर चकित होऊ नका, पण तोल जाण्याइतकं झालं तर दाखवा. आणि त्या पिवळ्या गोळीचं बीपीच्या डॉक्टरांना नक्की सांगा, बीपी इतके दिवस का उतरत नव्हतं याचं अर्धं उत्तर तिथे असू शकतं. एटोरिकॉक्झिब तर बीपी कंट्रोलमध्ये नसलेल्या माणसाला देऊच नये.

आता एएम चा विषय निघालाच आहे तर, सकाळी का रात्री यानं फारसा फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर बघून झालंय, २०२२ मध्ये निकाल आला, हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोक दोन्हीकडे सारखेच. ज्या वेळेला आठवण राहते ती वेळ. आईंना तुळशीच्या वेळेला जमत असेल तर तीच ठेवा.

मीठभाकर

मिठाचं कुणीच बोललं नाही. माझ्या बायकोनं बीपीसाठी म्हणून ते कमी सोडियमचं मीठ आणलंय आणि मी पण टेल्मिसार्टनवरच आहे, ते चालेल ना? आधी सैंधव वापरायचो.

जुनी_सिस्टर

@मीठभाकर सैंधव म्हणजे पण मीठच हो, सोडियम त्यातही तेवढंच, फक्त गुलाबी. आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं, त्यात वरून हे. किडनी ठणठणीत असेल तर कदाचित चालून जाईल पण डॉक्टरला न विचारता, पोटॅशियम न तपासता वापरू नका. त्यापेक्षा लोणच्याची फोड, पापड, सुकट, फरसाण हे कमी करा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात भाकरीतलं पण आलं.

सांजवात_३४

जरा वेगळा प्रश्न. मी ३४, गेल्या वर्षी बीपी निघालं, हीच टेल्मिसार्टनची एएमवाली गोळी चालू आहे. आम्ही आता बाळाचा विचार करतोय. काही बदलावं लागतं का? डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

सुट्टीवरचा_फिजिशियन

@सांजवात_३४ हो, बदलावं लागतं, आणि दिवस राहायच्या आधी. टेल्मिसार्टन आणि त्या गटातली सगळी औषधं गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होतो. लॅबेटॅलॉल, निफेडिपीन, मिथाइलडोपा असे पर्याय आहेत. स्वतःहून गोळी बंद करून बसू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दोघांना भेटा. पाळी चुकलेली असेल तर आजच.

सांजवात_३४

उद्याचीच अपॉइंटमेंट घेतली. थँक्यू.

कट्ट्यावरचा_काका

माझ्या सासूबाईंच्या थायरॉईडच्या गोळीबद्दल विचारायचं होतं, इथेच विचारू का?

निशिगंध_७

काका, नवीन धागा काढा.

वाशिष्ठीकाठ

पाच आठवड्यांनी अपडेट देतोय. चिपळूणला जाऊन आलो. मशीन घेऊन दिलं, दंडाचं, मनगटाचं नाही. आईचा मोजायचा प्रकार आधी असा होता की जिना चढून आली की बसायचं आणि बटण दाबायचं, वर तोंडानं वहिनींशी गप्पा चालू. आता पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसते, हात टेबलावर, चहा नंतर. (गप्प बसणं हेच तिला सगळ्यात अवघड जातंय.) वहीत लिहून ठेवते, मागच्या आठवड्याचे सगळे १२६ ते १३४ च्या मध्ये, खालचे ७८ ते ८४. पोटॅशियम ४.४, क्रिएटिनिन ०.९ च आहे. पिवळी गोळी बंद, गुडघ्याला शेक आणि फिजिओनं दिलेले व्यायाम, ते ती करते असं ती म्हणते. डॉक्टर म्हणाले हीच गोळी चालू ठेवा, तिसरं काही जोडायची गरज नाही.

सूज पूर्ण गेली नाहीये पण घोट्याचं हाड दिसतंय आता. मी बोट दाबून बघत होतो तर म्हणाली पुरे, मी काय भाकरीचं पीठ आहे का.

सात कप्प्यांची डबी परत करायची मुदत टळली होती. आईनं तिच्यात सोमवारी लवंग, मंगळवारी वेलदोडे, बुधवारी दालचिनी असं भरून मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलीये. शनिवार रिकामा आहे, त्यात काय ठेवायचं ते ठरत नाहीये म्हणते.

गोळीवाला_कोल्हापूर

जायफळ.